घरी कामाला आलेल्या माणसाला "तो काही करत नाही" असे सांगू नका

"तो काही करत नाही हो" हे वाक्य कुत्रे पाळणाऱ्यांनी निदान घरी कामाला आलेल्या माणसासमोर तरी उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आज ते मी संतापून लिहीत आहे.

आज एका परिचितांकडे वॉशिंग मशीन दुरुस्त करायला एक तरुण आला होता. दार उघडताच घरातला धिप्पाड कुत्रा भुंकत त्याच्या अंगावर धावून गेला. हत्यारांची पिशवी गुडघ्यांपुढे धरून तो भिंतीला टेकला आणि हळूच म्हणाला, "ताई, जरा बांधता का त्याला?" त्यावर बाई हसल्या आणि हे वाक्य आलेच. पुढचा सगळा वेळ तो मशीनमागे फरशीवर बसला होता, दोन्ही हात आत गुंतलेले, आणि कुत्रा त्याच्या मानेशी हुंगत उभा.

त्या तरुणाला उठून जाण्याची सोय होती का? काम सोडले असते तर तक्रार त्याच्याच नावावर लागली असती. "लस दिली आहे" असेही वर सांगितले गेले. लशीने रेबीजपासून संरक्षण मिळते, दातांपासून नाही! चावा बसला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे जखम धुणे, दवाखान्याच्या फेऱ्या आणि बुडालेली रोजी हे सारे त्याच्याच वाट्याला येते.

मला त्या कुत्र्याचीही दया आली. त्याने कान मागे पाडले होते, तो पुन्हा पुन्हा ओठ चाटत होता, मध्येच जांभई देत होता. घरच्यांना ती गंमत वाटत होती, पण परक्या माणसासमोर असे वागणारा कुत्रा बहुधा भेदरलेला असतो. अंग ताठ ठेवून हलवलेली शेपूटही आनंदाची असतेच असे नाही. आपल्याला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. तेव्हा ड्रिल सुरू झाल्यावर त्या जिवाने कुठे जावे? शिवाय दाराशी आलेला माणूस सामान देऊन परत जातो तेव्हा आपल्या भुंकण्यानेच तो गेला, असा कुत्र्याचा समज होतो आणि खोड पक्की होते.

काही कामगार कुत्र्याला उगाच डिवचतात, हे मान्य. पण मशीनमागे बसलेल्या त्या मुलाने त्याच्याकडे मान वळवूनही पाहिले नव्हते.

आमच्याकडेही कुत्री आहे आणि ती आम्हाला पोटच्या पोरीसारखी आहे. म्हणूनच "पाच मिनिटांत पोहोचतो" असा फोन आला की, बेल वाजण्याआधीच, तिला आतल्या खोलीत नेतो, पाणी आणि चघळायचे खेळणे देतो आणि बाहेरून कडी लावतो. तिला ही शिक्षा वाटत नाही, कारण ती खोली तिच्या रोजच्या झोपेची आहे. ज्यांच्याकडे वेगळी खोली नाही, त्यांनी पट्टा बांधून घरातल्या जाणत्या माणसाच्या हाती द्यावा. लहान मुलाच्या हाती नव्हे. काम संपून माणूस बाहेर पडला आणि दार लागले की मगच तिला सोडावे, तेही फरशीवर पडलेले स्क्रू आणि वायरचे तुकडे नीट उचलल्यावर, कारण ते थेट तिच्या तोंडात जातात.