लकव्याचा रुग्ण, चार दिवसांचा उपास आणि सलाईन

"लकवा मारला की पहिले चार दिवस पेशंटला अन्न देऊ नका. पडून असलेल्या शरीराला ताकद लागत नाही, सलाईन पुरेसं आहे. नाकात नळी घालू देऊ नका, नळी लागली की माणूस उठत नाही." असा मेसेज आमच्या भागातल्या गावांच्या ग्रुपवर फिरतोय. 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा सातातला एक मृत्यू लकव्याचा निघाला होता. त्यामुळे हा मेसेज हसण्यावारी नेता येत नाही.

त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. लकव्यानंतर निम्म्याच्या आसपास रुग्णांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीच नको. पाण्याचा घोट नको, बीपीची गोळीही नको. "मामाजी पाणी पेले, ठसका बी नाई लागला," असं सून समाधानानं सांगते आणि त्याच वेळी म्हाताऱ्याचा आवाज ओला, घशात पाणी खळखळल्यासारखा येत असतो. ठसका न लागताही पाणी फुप्फुसात उतरतं. मग ताप, मग न्यूमोनिया. पण तोंड बंद ठेवा म्हणजे पोट बंद ठेवा, असं नव्हे. तपासणी पहिल्याच दिवशी करून घ्यावी. गिळता आलं तर मऊ जेवण, नाही आलं तर नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने अन्न देण्याचा विचार. चार दिवसांचा उपास कुठून आला, देव जाणे.

"पडलेल्याला ताकद लागत नाही." श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून शरीर किती ऊर्जा जाळतंय ते काढता येतं. अशा मोजणीत लकव्याच्या रुग्णांचा पडल्यापडल्याचा खर्च वय-वजनावरून सूत्राने काढलेल्या आकड्याच्या आसपास, काही अभ्यासांत त्याहून दहाएक टक्के जास्त निघाला. हिंडणंफिरणं थांबतं, तेवढी बचत होते. पण हृदय, यकृत, मेंदू यांना सुट्टी नसते, आणि ताप चढला की खर्च वाढतो. म्हणून दुप्पट खुराक चारायचा, हेही चूकच. किलोमागे २५ ते ३० कॅलरी हा साधारण हिशेब. ५० किलोच्या शेतमजुराला दिवसाला १,२५० ते १,५०० झाल्या. त्या मिळाल्या नाहीत तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, ज्या पायावर त्याला पुढे उभं राहायचंय त्याचेसुद्धा.

आता सलाईन. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे ८५ कॅलरी. दिवसभरात तीन बाटल्या चढवल्या तरी एका जाडजूड ज्वारीच्या भाकरीइतकी ताकद मिळत नाही, प्रथिनं तर नाहीतच. वर लकव्यात रक्तातली साखर चढणं मेंदूला वाईट, म्हणून साखर घसरलेली नसेल तर डॉक्टर ग्लुकोजची बाटली टाळतात. नातेवाईक मात्र "ताकदीची बाटली लावा" म्हणून मागे लागतात.

नळीची भीती समजण्यासारखी आहे. ज्याला गिळता येत नाही त्यालाच नळी लागते, आणि त्याचा झटका बहुधा मोठा असतो; दगावला की दोष नळीवर येतो. लकव्याच्या रुग्णांच्या आहारावरच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'फूड' चाचणीत, नळी टाळलेल्या गटापेक्षा लवकर नळी सुरू केलेल्या गटात मृत्यू शेकडा सहाच्या जवळपास कमी होते. हा फरक योगायोगाचा नाही असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पक्का नव्हता, आणि वाचलेल्यांपैकी काही जण परावलंबी राहिले, हेही सांगायला हवं. पण नळीने माणसं जास्त मेली, असं त्यात दिसलं नाही. गिळणं सुधारलं की नळी निघते.

नळीतून काय द्यायचं, हे घरी नेण्याआधी आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. घरोघरी तुरीच्या वरणाचं वरवरचं पाणी देतात. डाळ तर भांड्याच्या तळाशी राहते. ती मऊ शिजवून, घोटून, गाळून द्यायची. डोकं उंच ठेवून, आणि नंतर अर्धा तास आडवं न करता.