सरासरी तीच आहे, मग बदललं काय?

नमस्कार. हवामानबदलावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, पण मुद्दे तीनच: बहात्तरच्या दुष्काळापुढे हल्लीचे दुष्काळ किरकोळ, पावसाची सरासरी आहे तिथेच आहे, आणि तापमानवाढ म्हणजे शहरांतल्या सिमेंटची ऊब. 'लोकांना घाबरवायचा धंदा' हा शेरा सोडून देतो.

सरासरीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही निम्मे बरोबर आहात. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी हवामान खातं आधी ८८०.६ मिलिमीटर धरायचं, १९६१ ते २०१० या काळावरून. २०२२ पासून १९७१ ते २०२० या काळाची ८६८.६ धरतात. फरक जेमतेम १२ मिलिमीटर. एवढ्यावरून कोणी 'पाऊस आटला' म्हणत असेल तर त्याच्याशी भांडायला मीही येतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालात १९५१ ते २०१५ दरम्यान मान्सून सुमारे ६ टक्के घटल्याचं म्हटलंय, गंगेच्या खोऱ्यात आणि पश्चिम घाटात ठळकपणे. पण पन्नासचं दशक मुळात बऱ्या पावसाचं होतं. मोजणी तिथून सुरू केली की उतार जास्तच दिसणार. (हे दोन्ही बाजूंचे लोक सोयीने विसरतात.)

आता उरलेला निम्मा. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या पावसाचे १९५१ ते २००० चे रोजचे आकडे तपासले. त्या पट्ट्यात विदर्भ आणि मराठवाडाही येतो. हंगामाच्या सरासरीत त्यांना ठळक बदल दिसला नाही, अगदी तुम्ही म्हणता तसंच. पण दिवसाला १०० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस वाढला होता आणि मध्यम पाऊस घटला होता. वाढ आणि घट एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून बेरीज शांत दिसते. पुढे २०१७ साली हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ चा काळ पाहिला, तर मोठ्या टापूवर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झालेल्या. त्यामागे अरबी समुद्रावरून उसळून येणारं बाष्प आहे.

सोयाबीन पेरणाऱ्याला हंगामाचा ६०० मिलिमीटरचा आकडा काय कामाचा? जमिनीत मुरणारी झड हवी, वाफसा (पेरणीजोगी ओल) हवा. तोच पाऊस चार दिवसांत पडला आणि मध्ये तीन आठवडे उघडीप राहिली, तर दुबार पेरणीही होते आणि महसूल मंडलात एका दिवसात ६५ मिलिमीटर ओलांडल्यावर अतिवृष्टीचे पंचनामेही होतात, एकाच हंगामात. वर परतीच्या पावसाच्या तारखाही लांबल्यात. २०२० साली खात्याने तारखा सुधारल्या तेव्हा पश्चिम राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर झाली, मुंबईची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर. काढणीच्या तोंडावर याचा अर्थ काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सिमेंटची ऊब खरी आहे, रात्रीच्या तापमानात तर नक्कीच. पण समुद्रावर कोणी स्लॅब टाकलेला नाही, आणि केंद्राच्या त्याच २०२० च्या अहवालानुसार उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे १ अंशाने तापलाय. देशाच्या हवेचा आकडा १९०१ ते २०१८ साठी सुमारे ०.७ अंश आहे.

बहात्तरबद्दल वाद नाही, तो भयंकरच होता. पण तेव्हा खायला धान्य नव्हतं, हल्ली प्यायला पाणी नसतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यात पावसाचा वाटा किती आणि उसाचा किती, यावर मी बहुधा तुमच्याच बाजूने बोलेन.

तुमच्याकडे तालुक्याची जुनी पर्जन्य नोंदवही आहे म्हणता, ती पाहायला आवडेल. फक्त वार्षिक बेरजा नकोत, रोजचे आकडे पाठवा.