प्रतिक्रियेला उत्तर: टीसीपीत टीसीपी कुठे आहे ते दाखवा

ऑफिसच्या नेटवर्कवर बसून निवडक ट्रॅफिक एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं साधन) आणि पॅक फाइल (कोणती साइट कोणत्या वाटेने न्यायची हे ब्राउझरला सांगणारी फाइल) वापरून स्वतःच्या सर्व्हरवरून कसं वळवायचं, या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. तिचा सारांश असा: एसएसएचचं टनेल म्हणजे टीसीपीच्या (हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवून डेटा क्रमाने पोहोचवणारी पद्धत) आत टीसीपी, ते कोलमडणारच, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं; वायरगार्डसारखं व्हीपीएन असताना असले जुगाड 'अर्धवट माहितीवाले' शिकवतात; पोर्ट ४४३ वर (सुरक्षित वेबसाइट्सच्या नेहमीच्या पोर्टवर) नेलं म्हणून एसएसएच लपत नाही; आणि यात लोकांच्या नोकऱ्या जातील.

महोदय, मतभेद असायला माझी हरकत नाही. पण समोरच्याला अर्धवट म्हणताना निदान त्याचा लेख पूर्ण वाचलेला असावा. सर्व्हर आणि फायरवॉल सांभाळण्यावरच माझं पोट चालतं. पहिल्या वर्षाच्या पोराचा दाखला मला देऊ नका. आणि त्या पोरांनाही असं हिणवू नका, माझे निम्मे वाचक तेच आहेत.

४४३ बद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. कनेक्शन जुळताना दोन्ही बाजू 'एसएसएच-२.०' ने सुरू होणारी ओळ उघड मजकुरात पाठवतात. नुसतं पोर्ट बघणारी फायरवॉल ते सोडते, आतला मजकूर तपासणारी अडवते. लेखात हे एका ओळीत होतं, आता ठळक केलं आहे.

आता टीसीपी. एसएसएचला 'कॅपिटल डी' पर्याय आणि १०८० हे पोर्ट दिलं की तुमच्याच मशीनवर सॉक्स प्रॉक्सी (ब्राउझरची कनेक्शनं पुढे नेणारा मध्यस्थ) उभा राहतो. ब्राउझरचं टीसीपी कनेक्शन १२७.०.०.१ वर, म्हणजे तुमच्याच मशीनवर, तिथल्या तिथे संपतं. एसएसएच त्यातले फक्त बाइट्स उचलतो, आपल्या चॅनलमध्ये घालतो आणि पलीकडचा सर्व्हर वेबसाइटशी नवं कोरं टीसीपी कनेक्शन उघडतो. आतलं हेडर, पोच, पुन्हा पाठवण्याचा टायमर, यातलं काहीही टनेलमधून जात नाही. मग एकात एक आहे कुठे? तीन कनेक्शनं आहेत, एकापुढे एक.

तुम्ही म्हणता तो घोटाळा होतो तो अख्खी आयपी पॅकेट्स टीसीपीतून नेली की: टीसीपी मोडमधलं ओपनव्हीपीएन, किंवा एसएसएचचाच 'स्मॉल डब्ल्यू' पर्याय. तिथे बाहेरचं कनेक्शन अडखळलं की आतलाही टायमर संपतो, तोही तेच पॅकेट पुन्हा ढकलतो आणि रांग फुगत जाते. 'डी' आणि 'डब्ल्यू' यांत तुम्ही गल्लत केली आहे, आणि तीही वरच्या पट्टीत.

'डी'ला मर्यादा नाहीत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. सगळी चॅनलं एकाच कनेक्शनवर असल्यामुळे एक पॅकेट हरवलं की सगळी थांबतात. ओपनएसएसएचची चॅनल विंडो (पोच येईपर्यंत एका चॅनलवर पाठवता येणारा डेटा) साधारण २ एमबी असते; सर्व्हर जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लांब असेल तर एका डाउनलोडला सेकंदाला १० एमबीच्या वर वेग मिळत नाही. म्हणून सर्व्हर जवळचा घ्या, मुंबईतला मिळाला तर उत्तम.

वायरगार्ड मलाही आवडतं. पण ते फक्त यूडीपीवर (टीसीपीसारखी पोच न घेणारी पद्धत) चालतं, आणि कडक ऑफिसांत बाहेर जाणारं यूडीपी बहुधा बंदच असतं. त्यात इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत. शिवाय ते आयपी पत्त्यांवरून वाट ठरवतं. एकाच सीडीएन (अनेक साइट्सना सेवा देणारं सामायिक सर्व्हरांचं जाळं) पत्त्यामागे असंख्य साइट्स असताना त्यातली नेमकी एक कशी निवडणार? पॅक फाइल होस्टच्या नावावरून निवडते. लेखाचा विषयच 'निवडक' ट्रॅफिक होता.

खरी फजिती होते ती पॅक फाइलमधल्या एका आकड्यामुळे. उत्तरात 'सॉक्स५' ऐवजी नुसतं 'सॉक्स' लिहिलं तर क्रोम त्याला चौथी आवृत्ती समजतं आणि साइटचा पत्ता ऑफिसच्याच डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) विचारतं. म्हणजे ट्रॅफिक टनेलमधून आणि नावांची यादी ऑफिसच्या लॉगमध्ये. तसंच शेवटी सवयीने 'डायरेक्ट' जोडलं, की टनेल तुटल्यावर ब्राउझर गुपचूप ऑफिसच्या वाटेने जातो. ते काढा, पान उघडलं नाही तरी बेहत्तर. आणि एसएसएचची 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' ही सेटिंग ३० सेकंद ठेवा, नाहीतर निवांत पडलेलं कनेक्शन फायरवॉल विसरून जाते. टीका करायचीच होती तर इथे करायची होती.

नोकरीचं म्हणाल तर कंपनीची पॉलिसी वाचा आणि कंपनीच्या लॅपटॉपवर हे करू नका, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

तरीही तुमचं म्हणणं कायम असेल तर टनेल चालू ठेवून लॅपटॉपवर नेटस्टॅट (चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड) चालवा. प्रॉक्सीवर जाणारी ब्राउझरची सगळी कनेक्शनं १२७.०.०.१ वर थांबलेली दिसतील आणि सर्व्हरकडे गेलेलं एकच दिसेल. पुढच्या प्रतिक्रियेसोबत ते आउटपुट जोडा, मग त्यावर बोलू.