समुद्र दाखवा हो, पार्किंग नको!

किनाऱ्यावरच्या शहरात पाहुणे म्हणून गेलं की यजमान दिवसभर गाडीतून उतरूच देत नाहीत! दीपगृह? बाहेरून फोटो. किल्ला? "आत काही नाही बघण्यासारखं." बंदर? काचेतूनच! जरा उभं राहू द्याल की नाही? आणि भरती-ओहोटी? रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, वेळा आधीच ठरलेल्या असतात, तरी आम्हाला नेणार ऐन भरतीला! वाळू गायब, खडकांमधली डबकी, त्यातले खेकडे, खडकाला चिकटलेले कालव, सगळं पाण्याखाली. बहुतेक किनाऱ्यांवर ६ तासांत हेच उघडं पडतं. पण तेव्हा आम्ही कुठे? मॉलमध्ये! अहो, मॉल सगळीकडे असतात. माया कळते तुमची, पण समुद्र कधी दाखवणार?