एका टेबलाचं हॉटेल आणि पाककृती लाटणारा नायक

‘गल्ल्यावरचा माणूस’ यांस,

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत याबद्दल आभार. एरवी इथे ‘छान’, ‘मस्त’ आणि जोडलेले हात यापलीकडे फारसं काही येत नाही.

‘टेस्टफुली यूअर्स’ या कोरियन मालिकेचं मी केलेलं कौतुक तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. एका टेबलाचं हॉटेल जगात कुठेही चालत नाही, हा तुमचा पहिला मुद्दा. दुसऱ्याच्या पाककृती लाटणाऱ्याला नायक केलंय आणि वर त्याच्या पदरात मुलगीही टाकलीय, हा दुसरा. आणि असल्या गुळमट मालिका डोक्यावर घेऊन मी वाचकांचा वेळ खातो, हा तिसरा. तिसऱ्याचं उत्तर थोडक्यात आटपेल, म्हणून आधी तेच. मालिका आहे दहा भागांची. आपल्याकडे दहा भागांत साखरपुड्याची हरवलेली अंगठीसुद्धा सापडत नाही. गुळमट म्हणा हवं तर, पण पाणी घालून वाढवलेली नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. 2025च्या मे-जूनमध्ये ती आली, नेटफ्लिक्सवर आहे. नायक (कांग हा-नुल) सोलमधल्या बड्या खाद्य कंपनीच्या घरातला, एका उंची रेस्टॉरंटचा मालक. छोट्या हॉटेलांच्या पाककृती पदरात पाडून घेणं हा त्याचा हातखंडा. नायिका (गो मिन-शी) जॉन्जू शहरात एकच टेबल मांडून, मेन्यूकार्ड न ठेवता स्वयंपाक करते. तो येतो तिची पाककृती घ्यायला आणि अडकतो तिच्याच स्वयंपाकघरात.

आता टेबलाचं. हॉटेल तुम्ही चालवलंय, मी नुसतं खाल्लंय, त्यामुळे भाडं, गॅस, पगार यांचा हिशेब तुम्ही मला शिकवावा. पण मालिका तरी कुठे म्हणते की गल्ला भरून वाहतोय? माल उत्तमातला उत्तम आणि टेबल एक, यात फायदा कसा निघणार, यावरूनच तर दोघांची जुंपते. तो तुमच्याच भाषेत बोलतो. तिचं म्हणणं, मला जेवढं नीट रांधता येतं तेवढंच मी वाढणार. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी पुण्यात आपण कौतुकाने वाचतो, तेव्हा कुणाला भाड्याचा हिशेब आठवत नाही!

आणि हे हॉटेल जॉन्जूत आहे, सोलमध्ये नाही, हे तुम्ही विसरताय. युनेस्कोने 2012 मध्ये खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलेलं हे गाव, बिबिम्बापसाठी (भाज्या आणि तिखट चटणी कालवून खायचा भात) देशभर नावाजलेलं. तिथे एकाच पदार्थावर पिढ्या काढलेली दुकानं आहेत. नायिकेच्या हाताखाली जो पोरगा राबतो, तो अशाच एका गुकबापवाल्याच्या, म्हणजे रस्साभात विकणाऱ्याच्या, घरातला. जॉन्जूत गुकबाप म्हटलं की आधी आठवतो तो कोंगनामुल गुकबाप: मातीच्या तापल्या भांड्यात भात आणि सोयाबीनच्या लांब कोंबांचा पातळ, झणझणीत रस्सा. सोबत छोट्या वाटीत अर्धकच्चं अंडं येतं. त्यात दोन-तीन चमचे गरम रस्सा घालायचा, समुद्रशेवाळाचा कुरकुरीत पापुद्रा वरून चुरायचा, आणि ते संपवून मग मुख्य भांड्याकडे वळायचं. जोडीला मोजू, म्हणजे तांदळाची दारू आलं-दालचिनी घालून उकळलेली. उकळताना तिच्यातली नशा बहुतेक उडून जाते. सकाळी सकाळी लोक हे खातात. अशा गावात सोलचा सुटाबुटातला माणूस येऊन ‘किती घेणार?’ असं विचारतो, तेव्हा तो एकट्या नायिकेचा अपमान राहत नाही.

हे मालिकावाल्यांनी हवेतून काढलेलं नाही. बड्या कंपन्या गल्लीतल्या दुकानदारांचा घास पळवतात, हे कोरियातलं जुनं दुखणं. तिथल्या कामकऱ्यांत साधारण पाचातला एक स्वतःचा धंदा करणारा. निवृत्त झाला की तळलेल्या चिकनचं दुकान टाकणारे तर कितीतरी. 2013 मध्ये तिथल्या, बड्या आणि छोट्या धंद्यांत मेळ घालणाऱ्या आयोगाने बेकरीच्या साखळ्यांना सांगितलं होतं, की गल्लीतल्या बेकरीपासून 500 मीटरच्या आत नवं दुकान काढू नका आणि वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त दुकानं वाढवू नका. पाव विकण्यावरून एवढं रामायण! त्यामुळे आपण विनोद म्हणून हसतो तिथे कोरियन प्रेक्षकाला थोडं लागतही असणार.

राहिला तुमचा खरा राग, चोर नायक. तुम्ही लिहिलंय की तुमचा वस्ताद मसाल्याचं प्रमाण घेऊन समोरच्याकडे गेला आणि तुम्ही काही करू शकला नाहीत. करणार तरी काय? नुसत्या जिन्नसांच्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही, इथेही नाही. पण हा माणूस मुळात सज्जन असता तर गोष्टच उरली नसती. नेहमीच्या प्रेमकथेत मधे घरचे येतात, पैसा येतो, गैरसमज येतात. इथे मधे येतो धंदा. तो तिच्याकडे बघतोय की तिच्या पातेल्याकडे, हे तिला कळत नाही, आणि बराच वेळ त्यालाही कळत नाही. त्याने तिचं कौतुक केलं तरी ते सौद्याआधीचं बोलणं असू शकतं. तिने संशय घ्यावा असं तो खरोखर वागलेला असतो. म्हणून दोघं एका ओट्याशी उभी राहून भाजी चिरतात तेव्हा नुसत्या सुरीच्या आवाजातही मजा येते. प्रतिस्पर्धी हॉटेलवाल्यांच्या प्रेमात एवढं खरं भांडण मला फार कमी ठिकाणी दिसलं.

एक मान्य. त्याला माफी जरा स्वस्तातच मिळते. आणि कंपनीची गादी कुणाची, हा भावाभावांचा तमाशा मी तर रिमोट हातात धरूनच पाहिला. तेवढ्या वेळात आणखी एक-दोन पदार्थ नीट रांधून दाखवले असते तर बरं झालं असतं.

पण तुमच्या वस्तादाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. प्रमाण तेच, हात तोच, तरी समोरच्याकडे चव तशीच लागायची का? कधी गुपचूप जाऊन खाल्लंत? ते लिहा.