‘रूल ऑफ थम्ब’चा बायकोच्या मारहाणीशी संबंध नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात म्हणे नवऱ्याला अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची मुभा होती. ‘रूल ऑफ थम्ब’ तिथून आला, म्हणून मुलांना तो शिकवू नका.

असा कायदा इंग्लंडमध्ये कधीच नव्हता. हा वाक्प्रचार सतराव्या शतकातल्या छापील मजकुरात सापडतो. तिथे उल्लेख आहे तो नीट मोजमाप न घेता अंदाजाने बांधकाम करणाऱ्या मूर्खांचा. काठी नाही, बायको नाही. आजचा अर्थही तोच, ढोबळ आडाखा. कुकर लावताना तांदळाच्या दुप्पट पाणी घालतो ना, तसा.

मग काठी आली कुठून? १७८२ मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस बुलर असं काही बोलल्याची वदंता लंडनभर पसरली. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याने लगेच त्यांना ‘जज थम्ब’ करून टाकलं, हातात काठ्यांचे भारे देऊन. बुलर यांनी तसा निकाल दिल्याची नोंद मात्र कुठेही नाही. वाक्प्रचार तर त्याआधीच रुळलेला होता.

बायकांना मार खावा लागत होता, हे खरंच आहे. आपल्याकडे सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ मध्ये आलं. त्या काळजीपोटी कुणी हा मेसेज पुढे ढकलत असेल, तर त्याऐवजी महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर पाठवा.