प्रतिक्रियेला उत्तर : दक्षिण कोरियातला चौदावा रुग्ण

तुमचे दोन आक्षेप आहेत. 'साथीत मोजक्या रुग्णांकडूनच बहुतेक लागण होते' असं लिहिलं की लोक आरोपी शोधायला निघतात, हा पहिला. आणि एक रुग्ण सरासरी किती जणांना आजार देतो एवढं कळलं की पुरे, बाकीचा कीस कशाला, हा दुसरा.

पहिल्यामागचा संताप माझाही आहे. करोनाच्या पहिल्या लाटेत बाधितांच्या घरच्यांशी शेजारीपाजारी कसे वागले, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. पण म्हणून ही माहितीच बाजूला ठेवावी, हे मला पटत नाही. नीट पाहिलं तर तीच त्या माणसाला आरोपातून सोडवते.

दक्षिण कोरियातली २०१५ची मर्सची साथ घ्या. मर्स म्हणजे करोनाच्याच कुळातल्या एका विषाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार. आखाती देशांतून परतलेला एक गृहस्थ मे महिन्यात प्योंगतेकच्या एका रुग्णालयात दाखल होता. निदान झालं २० मेला, आणि मग संपर्कातल्यांची यादी सुरू झाली. रुग्णापासून दोन मीटरच्या आत तासभर असलेला किंवा त्याच्याच खोलीत राहिलेला तो जवळचा संपर्क, असा निकष होता. त्याच मजल्यावर, पण दुसऱ्या खोलीत असलेला एक जण त्यामुळे यादीतून सुटला. पुढे त्याला ताप आला, उतार पडेना, म्हणून तो सोलच्या मोठ्या रुग्णालयात गेला. तातडीचा विभाग खचाखच भरलेला. २७ ते २९ मे तो तिथेच होता. नोंदीत तो चौदावा रुग्ण. त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली : ३३ रुग्ण, ८ कर्मचारी आणि ४१ सोबतीला किंवा भेटायला आलेले.

या ४१ जणांपाशी जरा थांबा. कोरियातही आजाऱ्याची शुश्रूषा घरचेच करतात, उशाशी बसून, अगदी आपल्या सरकारी रुग्णालयांत करतात तशी. या माणसाला आपल्याला मर्स झालाय हे ठाऊकच नव्हतं. चुकला तो यादीचा निकष, आणि भरीला ती गर्दी. त्या साथीतल्या १८६ रुग्णांपैकी बहुसंख्यांकडून पुढे कुणालाच लागण झाली नाही.

आता सरासरी. दहा रुग्णांनी प्रत्येकी दोघांना आजार दिला, तरी सरासरी दोन. नऊ जणांनी कुणालाच दिला नाही आणि दहाव्याने वीस जणांना दिला, तरी दोनच. पण पहिल्या साथीत प्रत्येकामागे धावावं लागतं. दुसरीत बहुतेक साखळ्या आपसूक तुटतात आणि लक्ष ठेवायचं ते गर्दीच्या, कोंदट जागांवर. करोना दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारा. २०२० मध्ये तमिळनाडू आणि आंध्रातल्या संपर्क-शोधाचा अभ्यास झाला. त्यात ७१ टक्के रुग्णांच्या शोधलेल्या संपर्कांपैकी एकालाही लागण आढळली नाही. त्याच वर्षी १० मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सराव झाला. अडीच तास, ६१ माणसं. त्यातली ५३ आजारी पडली, दोघं दगावली.

म्हणूनच शोधाची दिशाही बदलते. नवा रुग्ण सापडला की 'तुम्ही कुणाकुणाला भेटलात' एवढ्यावर थांबू नये, 'तुम्हाला हा कुठून लागला असेल' हेही विचारावं. ज्याच्याकडून किंवा ज्या जागी त्याला लागला, तिथे आणखी बऱ्याच जणांना लागलेला असण्याची शक्यता मोठी. जपानच्या आरोग्य केंद्रांनी २०२० मध्ये असाच उलटा माग काढला, आणि लोकांना टाळायला सांगितल्या तीन गोष्टी : बंदिस्त जागा, गर्दी, जवळून बोलणं.

कुणाकडून वीस जणांना लागेल हे आधी ओळखता येत नाही, त्यामुळे माणसं वेचून काढणं शक्य नाही. जागा मात्र आधीच ओळखता येतात. मर्सनंतर कोरियाने तातडीच्या विभागाच्या दारातच संशयित रुग्ण वेगळे काढायला सुरुवात केली आणि नातेवाइकांच्या गर्दीवर मर्यादा आणली. आपल्याकडे ओपीडीच्या बाकांवर खोकणारे क्षयरुग्ण इतरांच्या मांडीला मांडी लावून तासन्‌तास ताटकळतात. त्यांना खेळत्या हवेत वेगळं बसवायला नव्या साथीची वाट पाहायची गरज नाही.